पाच वर्षं मुरलेली वाइन आणि माझा एक जुना सल्ला



"डॉक्टर, रेड वाइन हृदयाला चांगली असते ना?" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकावा लागतो. विचारणारे बहुतेक वेळा 'हो' ऐकायच्या तयारीनेच आलेले असतात. आज त्याचं उत्तर नीट लिहून ठेवतो. त्यासाठी स्पेनमधल्या एका वाइनबद्दल सांगावं लागेल, आणि मी दिलेल्या एका चुकीच्या सल्ल्याबद्दलही.

तुम्हीच सांगितलं होतंत ना?

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) माझ्याकडे बीपीसाठी येणारे एक बँकेतले काका. पन्नाशीचे, शिस्तीचे, कसलंही व्यसन नाही. त्यांनी कुठेतरी वाचलं आणि मला वरचाच प्रश्न विचारला. मी तेव्हा पस्तिशीत होतो. दवाखान्यात गर्दी होती. मी सहज म्हणालो, "एखादा ग्लास घ्यायला हरकत नाही, उलट हृदयाला चांगलाच."

आयुष्यात दारूला न शिवलेल्या त्या माणसाने माझ्या शब्दावर वाइन सुरू केली. रोज रात्री, बीपीच्या गोळीनंतर, औषध म्हणून. मधल्या वर्षांत त्यांचं वजन वाढलं, ट्रायग्लिसराइड वाढले, बीपीची एक गोळी होती तिथे दोन झाल्या. मी दर वेळी मीठ कमी करा, चालायला जा असं सांगत राहिलो. ग्लासबद्दल मी विचारलं नाही आणि त्यांना सांगण्यासारखं वाटलं नाही, कारण तो तर मीच लिहून दिल्यासारखा होता.

मागच्या दिवाळीनंतर ते छातीत धडधड होते म्हणून आले. ईसीजीमध्ये एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित झालेले. मी विचारलं, "काका, दारू वगैरे?" ते म्हणाले, "छे हो! फक्त तो एक ग्लास. तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

त्यांचा आजार केवळ वाइनमुळे झाला असं मी म्हणणार नाही. वय, बीपी, वजन ही सगळी कारणं त्यात आहेत. पण त्या यादीत एक कारण माझ्या हाताने लिहिलं गेलं होतं.

पुढच्या भेटीत त्यांनी पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. मुलगी माद्रिदला असते, तिने आणलेली. लेबलवर 'रिओहा' आणि 'ग्रान रेझेर्व्हा' लिहिलेलं. "डॉक्टर, ही साधी नाही. पाच वर्षं मुरवलेली आहे. ही तरी चालेल ना?"

वाइन मुरते म्हणजे काय होतं?

प्रश्न रास्त होता, आणि योगायोगाने उत्तराचा अर्धा भाग मी डोळ्यांनी पाहिलेला होता. काही वर्षांपूर्वी बार्सिलोनाला एका परिषदेसाठी गेलो असताना मी आणि माझी पत्नी दोन दिवस काढून रिओहात, आरो नावाच्या गावी गेलो होतो.

रिओहा हा उत्तर स्पेनमधला, एब्रो नदीच्या खोऱ्यातला द्राक्षांचा प्रदेश. तिथलं मुख्य द्राक्ष तेंप्रानिय्यो. स्पॅनिशमध्ये 'तेंप्रानो' म्हणजे लवकर. हे द्राक्ष लवकर पिकतं म्हणून ते नाव. वाइन तिथे फार जुनी, पण ओकच्या पिंपांत ती वर्षानुवर्षं मुरवायची रीत मात्र शेजारच्या फ्रान्समधून, बोर्दो भागातून आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लुसियानो दे मुर्रिएता यांच्यासारख्या लोकांनी ती रिओहात रुजवली. त्यांची त्या पद्धतीची पहिली वाइन १८५२ सालची.

मग फ्रान्सवर संकट आलं. १८६० नंतर फायलोक्सेरा नावाचा बारीक कीटक वेलींची मुळं शोषू लागला आणि फ्रान्समधल्या बागाच्या बागा वाळल्या. तिथले व्यापारी वाइन शोधत पिरेनीज पर्वत ओलांडून रिओहात आले. आरोला १८६०च्या दशकातच रेल्वे पोचली होती, म्हणून स्टेशनाला लागूनच वाइनची तळघरं उभी राहिली. १८७७, १८७९, १८९० साली स्थापन झालेल्या पेढ्या आजही त्या स्टेशनाजवळच आहेत. पुढे शतकाच्या शेवटी तो कीटक रिओहातही आला. उपाय एकच होता, अमेरिकन वेलीच्या खुंटावर आपल्या वेलीचं कलम करायचं. आपल्याकडच्या द्राक्ष बागायतदारांना 'डॉगरिज'चा खुंट माहीत असतो, तोही मूळचा अमेरिकन वेलीचाच.

आम्ही ज्या तळघरात गेलो तिथे बाहेर कडक ऊन आणि आत अंगावर शाल घ्यावी असा गारवा होता. भिंतींवर काळी बुरशी, आणि अंधारात ओळीने मांडलेली ओकची पिंपं, प्रत्येकात २२५ लिटर वाइन. रिओहात परंपरेने अमेरिकन ओक वापरतात. त्यातून व्हॅनिलाचा आणि काहीसा नारळाचा वास वाइनमध्ये उतरतो. लाकडातून हवा अगदी हळूहळू आत झिरपते. जांभळाने जीभ आखडते तसा जो तुरटपणा नव्या वाइनमध्ये असतो, तो या हवेने वर्षागणिक मऊ होतो. गाळ खाली बसतो, मग वरची नितळ वाइन दुसऱ्या पिंपात काढतात, आणि हे अनेकदा करतात. कैरीचं लोणचं मुरतं तेव्हा कैरीचा आंबटपणा जसा बसतो, तसंच काहीसं.

किती मुरवायचं याचे नियम आहेत. 'क्रिआंसा' किमान दोन वर्षं, त्यातलं एक ओकमध्ये. 'रेझेर्व्हा' किमान तीन वर्षं, त्यातलंही निदान एक ओकमध्ये. 'ग्रान रेझेर्व्हा' किमान पाच वर्षं, त्यातली निदान दोन ओकमध्ये आणि दोन बाटलीत. 'क्रिआंसा' या शब्दाचा मूळ अर्थच लहानाचं मोठं करणं, संगोपन. नव्या आणि जुन्या वाइनचा एकेक घोट आम्ही चाखला. फरक माझ्यासारख्या अडाण्यालाही कळला. इतका संयम ठेवणाऱ्या लोकांबद्दल मला आदर वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

पण पिंपात काय बदलत नाही?

इथे डॉक्टर म्हणून माझं काम सुरू होतं. पाच वर्षांत वास बदलतो, रंग बदलतो, तुरटपणा बदलतो. अल्कोहोल मात्र जवळजवळ तेवढंच राहतं. १३.५ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलीचा ग्लास घेतला तर सुमारे १६ ग्रॅम अल्कोहोल पोटात जातं. ६० मिली व्हिस्कीत ते सुमारे २० ग्रॅम असतं. म्हणजे "मी दारू घेत नाही, फक्त वाइन घेतो" या वाक्याला लिव्हरच्या दृष्टीने काही अर्थ नाही. आणि घरातला ग्लास १५० मिलीचा असतो असंही नाही. काकांच्या ग्लासात मी पाणी मोजायला लावलं, तर ते २२० मिली भरलं.

लिव्हर या अल्कोहोलचं आधी असिटाल्डिहाइड करतं. हा पदार्थ पेशींमधल्या डीएनएला इजा करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्य कर्करोगकारक असल्याचं जाहीर केलं. तोंड, घसा, अन्ननलिका, लिव्हर, मोठं आतडं आणि स्त्रियांचा स्तन, या सगळ्या ठिकाणच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे.

मग 'हृदयाला चांगली' हे आलं कुठून?

१९९१-९२ मध्ये 'फ्रेंच विरोधाभास' गाजला. फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात, तरी त्यांना हृदयविकार कमी, मग हे रेड वाइनमुळे असेल, असा तर्क. थोडी पिणारे लोक अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात, असंही काही पाहण्यांत दिसलं. मी काकांना सांगितलं ते याच आधारावर.

त्यात दोन मोठ्या गफलती होत्या. एक, 'न पिणाऱ्यां'च्या गटात अनेक जण असे होते की ज्यांनी आजारपणामुळे दारू सोडली होती. आजारी माणसांशी तुलना केली तर पिणारे निरोगी दिसणारच. दुसरी, बेताने वाइन पिणारे बहुधा सुस्थितीतले, व्यायाम करणारे, वेळेवर डॉक्टरकडे जाणारे होते. या गोष्टी नीट वजा केल्यावर वाइनचा फायदा विरघळत गेला. रेड वाइनमधल्या रेस्व्हेराट्रॉलचंही तेच. प्रयोगांत ते शेकडो मिलिग्रॅम वापरतात, वाइनच्या एका लिटरमध्ये ते काही मिलिग्रॅमच असतं. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटलं की आरोग्यासाठी सुरक्षित अशी मद्याची कोणतीही मात्रा नाही.

आणखी एक गोष्ट. युरोपच्या कायद्यानुसार १.२ टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असलेल्या कुठल्याही पेयावर 'आरोग्याला चांगलं' असा दावा छापता येत नाही. काकांची ती बाटली मी फिरवून वाचली. तिच्यावर साल होतं, प्रदेश होता, मुरवण्याचा दर्जा सांगणारी अधिकृत चिठ्ठी होती. हृदयाबद्दल एक अक्षर नव्हतं. जे वाइन करणाऱ्यांनी कधी छापलं नाही, ते मी दवाखान्यात बसून सांगून टाकलं होतं.

मी काकांना काय सांगितलं

आधी सांगितलं, "काका, तेव्हा मी चुकीचं बोललो." हे वाक्य उच्चारायला मला जड गेलं. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "मग आता काय करायचं ते सांगा." मी वाइन पूर्ण बंद करायला सांगितली. नियमित पिणाऱ्या एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णांनी दारू सोडली तर हा त्रास पुन्हा होण्याचं प्रमाण कमी होतं, हे ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात दिसलं आहे. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी बंद केली. औषधं चालू आहेत. बीपी आता आटोक्यात आहे, तीन किलो वजन उतरलं आहे. ठोक्यांचं पुढे कसं राहतं ते बघायचं आहे.

तुमच्यासाठी थोडक्यात:

• घेत नसाल तर हृदयासाठी म्हणून सुरू करू नका. वाइन स्पेनची असो वा नाशिकची.
• घेत असाल तर किती, हे डॉक्टरांना मिलीमध्ये सांगा. 'फक्त एक ग्लास' हे माप नाही.
• मधुमेहाच्या काही गोळ्या, झोपेच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं आणि मेट्रोनिडॅझोल यांच्याबरोबर मद्य धोक्याचं ठरू शकतं.
• गरोदरपणी, फॅटी लिव्हर असताना आणि गाडी चालवायची असताना थेंबही नको.
• रोज भरपूर पिण्याची सवय असेल तर एकदम स्वतःच्या मनाने बंद करू नका. हातपाय थरथरणं, भास, फिट असा त्रास होऊ शकतो. आधी डॉक्टरांना भेटा.

ती बाटली काकांच्या शोकेसमध्ये न उघडता उभी आहे. मुलगी येईल तेव्हा ती आणि जावई काय ते ठरवतील. काका आता पाहुण्यांना आरोच्या स्टेशनाची गोष्ट सांगतात. मला मात्र त्या बाटलीमुळे एक सवय लागली. जुन्या रुग्णांची फाइल उघडली की मी विचारतो, "मी पूर्वी सांगितलेलं असं काही तुम्ही अजून करताय का?" तुम्हीही पुढच्या भेटीत तुमच्या डॉक्टरांना हे आपणहून सांगा. वैद्यकशास्त्र बदलतं, आणि आमचा जुना सल्ला तुमच्या घरात तसाच चालू राहिलेला असतो.

काळजी घ्या.