दोन नावांचा माणूस

झाक ऑफेनबाखशी माझी ओळख मागल्या दाराने झाली. कॅनकॅन नाचणाऱ्या नर्तिकांसोबत वाजणारी ती भरधाव धून कितीदा तरी कानांवर पडली होती. ती मुळात ‘ऑर्फियस पाताळात’ या १८५८ च्या ऑपेरेटात देवांच्या धिंगाण्यासाठी रचलेली आहे, हे फार उशिरा कळले.

तोवर वर्गात मी ऑर्फियसची कथा भक्तिभावाने शिकवीत असे. मृत पत्नीसाठी पाताळात उतरणारा आणि मागे वळून पाहिल्यामुळे तिला कायमची गमावणारा गायक! ऑफेनबाखच्या ऑर्फियसला मात्र पत्नी नकोशी झालेली आहे. तिलाही त्याचे व्हायोलिन सोसवत नाही. तो पाताळात जातो ते ‘लोकमत’ नावाचे एक पात्र त्याला भाग पाडते म्हणून. देवांपुढे तो गाऱ्हाणे मांडतो, तेव्हा ग्लुकच्या गंभीर ऑपेरातल्या विलापाचीच सुरावट ऐकू येते. समीक्षक ज्यूल जानँ याने प्राचीनतेच्या या विटंबनेवर कोरडे ओढले. त्याने नाटकाची गर्दी वाढलीच.

मी मनमुराद हसलो, पण वर्गात त्याचा उच्चार केला नाही. एका विद्यार्थिनीने विचारले होते, “सर, ऑर्फियसला हसलं तर चालतं का?” “उत्तरपत्रिकेत नको,” असे म्हणून मी वेळ मारून नेली.

पुढे एर्वे या संगीतकाराविषयी वाचले. खरे नाव फ्लोरिमों रोंजे (१८२५–१८९२). पॅरिसच्या सँ-तस्ताश चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा हा माणूस रंगभूमीवर मात्र ‘एर्वे’ होता. त्याच्या ‘मामझेल नितूश’ (१८८३) मधला सेलेस्तँ हा कॉन्व्हेंटमधला ऑर्गनवादक ‘फ्लोरिदोर’ या नावाने चोरून ऑपेरेटा लिहितो. हे गुपित हेरते त्याची साळसूद शिष्या, आणि अखेर त्याच्याच ऑपेरेटातली भूमिका रंगमंचावर गाऊन दाखवते.

तिथे मी थबकलो. एर्वेला पोटासाठी दोन नावे घ्यावी लागली असतील; मला कोणी भाग पाडले होते? तेच ‘लोकमत’, दुसरे कोण! शिवाय ग्लुकचा विलाप ज्याच्या मनात मुरलेला नाही, त्याला ऑफेनबाखचा विनोद निम्माच कळतो. मग हे हसू कथेचा अवमान कसे? अवमान होतो तो न अनुभवलेल्या भक्तिभावाचा.

आता मी आधी ग्लुक ऐकवतो, लगेच ऑफेनबाख. वर्ग हसतो. ती विद्यार्थिनी मात्र केव्हाच शिकून बाहेर पडली. तिला खरे उत्तर द्यायचे राहूनच गेले.