जागा सोडून सगळं

पेण स्टेशनातून बाहेर पडलो तर कडेला एक कातकरी बाई करटोली घेऊन बसली होती. सागाच्या पानांवर वाटे लावलेले. फळं हिरवीगार, काटेरी, एकदोन देठांना वेलाचा तंतू तसाच गुंडाळलेला. आषाढ सरत आला होता आणि पाऊस घटकाभर थांबला होता. आम्ही सांकशीला निघालो होतो. गडावर जाताना भाजीचं ओझं कोण घेणार, पण करटोली बघून मला राहवत नाही. टेकलेच.

"मावशी, कुठनं आणलीत?"

"डोंगरातनं."

"कुठच्या?"

यावर तिने करटोलीविषयी सगळं सांगितलं. नराचा वेल निराळा, मादीचा निराळा. नराला नुसती पिवळी फुलं, फळ धरत नाही, म्हणून तो कापायचा नाही, तो नसला तर हिलाही काही येणार नाही. खाली कांदा असतो, त्याला हात लावायचा नाही. उन्हाळाभर तो मातीत पडून राहतो आणि पहिल्या पावसाला कोंब काढतो. यंदा पावसाने मध्येच ओढ दिली, म्हणून वेल उशिरा चढले. भाजी करायची तर पिवळट पडलेलं फळ घेऊ नका, आत बी तांबडं झालेलं असतं. आणि कांदा भरपूर घाला, पाणी घालू नका.

"पण डोंगर कुठला?"

"डोंगर काय एक हाय का, ताय," ती म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

मला ते फार आवडलं. तिने काही लपवलं असं वाटलंच नाही. उलट एवढं भरभरून आजवर कुणी मला एखाद्या भाजीबद्दल सांगितलं नव्हतं. फक्त जागा तेवढी तिची होती.

डोंगरात फिरणारी माणसं जितकी चालतात त्याहून जास्त बोलतात. रविवारी संध्याकाळी रोह्याहून दिव्याकडे जाणाऱ्या गाडीत हे नेहमी दिसतं. नागोठण्याला चार जण चढतात, बूट चिखलाने भरलेले. आपट्याला आणखी दोघं. एकमेकांची नावंही माहीत नसतात, पण पाठीवरच्या सॅका बघून विचारपूस सुरू होते. कुठून आलात, वाट मळलेली आहे का, वरच्या टाक्यात पाणी कसं आहे. मग कुणाला माणिकगडाच्या पदरातल्या जंगलात घोणस आडवी गेलेली असते. कुणाला सुरगडाच्या वाटेवर एका आजोबांनी घरात बोलावून चहा पाजलेला असतो. पनवेल येईपर्यंत अख्खा रायगड जिल्हा त्या डब्यात येऊन बसतो. मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघात पावसाळ्यात गिरिमित्र संमेलन भरतं, तिथे हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. व्यासपीठावर हिमालयातल्या मोहिमा असतात आणि मी त्या मन लावून ऐकते, पण माझा खरा जीव चहाच्या रांगेत रमतो. तिथे कुणीतरी कागदाच्या कपावर नखाने सोंड काढून दाखवत असतं, "इथून उतरायचं नाही, इथे घसारा आहे, जरा पुढे आंबा लागेल, तिथून." आनंद पाळंद्यांचं 'डोंगरयात्रा' आमच्या पिढीने हातात धरून वाटा शोधल्या. त्या पुस्तकातही मला सगळ्यात जवळची वाटते ती अशीच माहिती, कुठे पाणी आहे आणि कुठे नाही.

सांकशीची गोष्ट फार मोठी नाही. तरणखोपवरून आत जायचं, निधवलीकडे. वाटेत बद्रुद्दीन दर्गा लागतो, म्हणून आसपासची माणसं गडाला बद्रुद्दीनचा डोंगर म्हणूनच ओळखतात. वरचा कातळ पावसात जपून चढावा लागतो, पायऱ्या झिजल्यात. माथा एवढासा, आणि जिकडेतिकडे खडकात खोदलेली टाकी. एवढ्याशा माथ्यासाठी 1540 साली निजामशहाने गुजरातच्या सुलतानाशी झुंज दिली, कर्नाळाही त्याच वेळी घेतला, आणि मग त्या भांडणात वसईचे पोर्तुगीजही उतरले. वर उभं राहिलं की कारण कळतं. एकीकडे कर्नाळ्याचा अंगठा, माणिकगड, ढग बाजूला झाले तर त्यामागची घाटाची भिंत. दुसरीकडे खार जमिनी, भाताची खाचरं, धरमतरची खाडी आणि डोलवीच्या पोलाद कारखान्याची धुराडी. घाटावरचा माल खाडीकडे जायचा तो या नजरेखालूनच. आम्ही भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली, धुक्यात थोडं बसलो आणि उतरलो.

तिबोटी खंड्या दिसला तो उतरताना नव्हे, त्यानंतर, एका ओढ्याशी. कुठला ओढा ते लिहीत नाही.

बोटभर पक्षी. चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम तेरा सेंटीमीटर, वजन तीन-चार चमचे साखरेएवढं. मेअखेरीपासून तो कोकणात येतो, ओढ्याच्या मातीच्या दरडीत बीळ खोदतो आणि ऐन पावसात पिल्लं वाढवतो. कर्नाळ्याच्या अभयारण्यात त्याच्यासाठी माणसं लांबून येतात. आमच्या समोर तो काही क्षण वाकलेल्या फांदीवर बसला. चोचीत सापसुरळी होती, तिची शेपटी अजून वळवळत होती. त्याने ती फांदीवर दोनदा आपटली, मान खालीवर केली, आणि दरडीकडे सुटला. आम्ही मागे सरकलो. कॅमेरा होता, बाहेर काढला नाही. पिल्लांना भरवणाऱ्या पक्ष्याच्या वाटेत उभं राहू नये, एवढं आमच्यात ठरलेलं आहे.

तिथून मिनिडोर पकडून हमरापूरला गेलो, कारण आमच्यातल्या एकीला घरचा गणपती सांगायचा होता. गाडीला वेळ होता आणि पाऊस पुन्हा कोसळायला लागला होता.

हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे ही सगळी गणपतीची गावं. मूळ धंदा पेण शहरातला, पण आता या गावांत दर दोन घरांआड कारखाना आहे. बांबूचे मांडव, चारी बाजूंनी प्लास्टिकचा कागद, आत फळ्यांवर ओळीने मूर्ती. आम्ही शिरलो त्या कारखान्यात एका बाजूला पांढऱ्या, नुसता हात फिरवून ठेवलेल्या मूर्ती होत्या. मध्ये अंगाचा रंग मारलेल्या, पुढे पितांबर आणि शेला झालेल्या. शाडूच्या मूर्तींवर पंखे लावले होते, कारण दमट हवेत शाडू वाळता वाळत नाही आणि घाईने वाळवला तर तडकतो. सगळ्यात आत, ट्यूबलाइटच्या खाली, एक वयस्क गृहस्थ डोळ्यांची आखणी करत बसले होते.

त्यांनी आमच्याकडे पाहिलंच नाही. शून्य नंबरचा ब्रश, टोकाला पाचसहाच केस उरलेले. डावा हात मूर्तीच्या गालाला हलकेच टेकवलेला, उजव्याची करंगळी कपाळावर. वरची पापणी एका ओढीत. श्वास सोडला तो रेघ संपल्यावर. मग बुबुळ, मग आतला काळा, मग दुसरा डोळा तसाच. शेवटी पांढऱ्याचा एक ठिपका, टाचणीच्या डोक्याएवढा, आणि मूर्ती आमच्याकडे बघायला लागली. दोन्ही डोळे पुरे झाल्यावर त्यांनी ब्रश पाण्यात टाकला आणि विचारलं, "कुटं भिजून आलात?"

सांकशी म्हटल्यावर ते हसले. लहानपणी दर्ग्यापर्यंत गेले होते, वर कधी नाही. काय दिसतं वरनं, पाणी आहे का, असं विचारत राहिले. मग आमच्यातल्या कुणीतरी न राहवून खंड्याचं सांगितलं.

"रंग कसला?"

आणि आम्ही चौघं एकदम बोलायला लागलो. एक म्हणाला नारिंगी. दुसरी म्हणाली छे, जांभळा, डोक्यापासून पाठीपर्यंत जांभळाच. मला पोटाचा पिवळा आठवत होता. त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं, पुठ्ठ्याचा एक तुकडा मांडीवर घेतला आणि वाट्या जवळ ओढल्या.

"जांभला म्हंजे वांग्याचा का जांभलाचा?"

कुणालाच सांगता येईना. आम्ही पुन्हा ओढ्याशी गेलो, मनातल्या मनात. नुसता जांभळा नव्हता, खाली तांबूस होता आणि वर जांभळाची झाक. त्यांनी गुलाबीत किंचित निळा घेतला, मग तांबडा गेरू, पुठ्ठ्यावर बोटाने ओढून बघितला. "असा?" जरा उजळ. पुन्हा. "ऊन होता का सावली?" सावली. "मंग गडदच दिसनार, तुमी उन्हातला सांगू नका, दिसला तो सांगा." पोटाच्या पिवळ्यात त्यांनी हळदीएवढा भगवा घातला. पाठीच्या निळ्याला मोरावरच्या गणपतीचा निळा काढला, त्यात काळं मिसळलं. मानेच्या बाजूला एक निळा डाग आणि त्याला लागून पांढरा, हे माझ्या लक्षात होतं, बाकी तिघांच्या नव्हतं. पाय तांबडे होते हे फक्त एकालाच आठवलं. चोच मात्र सगळ्यांना एकच आठवली, शेंदरी.

कुणीतरी फोन काढून तिबोट्याचा फोटो शोधायला लागला. "रावदे," ते म्हणाले. "तुमी सांगा."

पुठ्ठ्यावर आता पाचसहा ठिपके झाले होते, शेजारी शेजारी. मला सांगायला हवं की ओढ्याशी मी तो पक्षी पाहिला त्याहून नीट तिथे पाहिला. आपण बघतो तेव्हा फक्त हरखतो. कुणीतरी समोर बसून, एकेक वाटी पुढे ओढत, असा का तसा असं विचारायला लागलं की मग डोळ्याने काय उचललं होतं ते बाहेर येतं. गावाकडच्या माणसांना डोंगर सांगताना मला पूर्वीपासून हा अनुभव आहे, पण रंगाच्या माणसाला सांगण्याची गोष्ट काही औरच.

"नि पायाला बोटं किती?"

"तीन."

"तीनच?" ते थबकले. "इतर पाखरांना चार ना?" बहुतेकांना चार, याला तीन, नावातच आहे, आम्ही सांगितलं. ते बराच वेळ आपल्या हाताकडे बघत राहिले. मूर्तीची बोटं करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. "मी देवाला चार हात करतंय, नि याला द्यायला एक बोट कमी परला," म्हणाले, आणि खूप मनापासून हसले.

मग त्यांनी विचारलं, "खय दिसला?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. तेवढ्यावरून ते समजले. "नका सांगू," म्हणाले. "हितं पन सीझनला लोक येतात मूर्ती बघायला. आखनी करताना तोंडासमोर मोबाइल धरतात. बघा की, कोन नाय बोलतो? पन हात हलला का डोला गेला." पुठ्ठा त्यांनी सुकायला खिळ्याला टांगला.

माझं मत विचाराल तर पाणी सांगावं, आणि खाणाखुणांसकट सांगावं. कुठली पायरी ढासळली, कुठल्या धारेवर वारा उभं राहू देत नाही, कुठल्या वाडीत रात्री आसरा मिळतो, हे राखून ठेवणारा माणूस मला डोंगरातला वाटत नाही. या भागातच, खालापूर तालुक्यात चावणीजवळ अंबा नदीच्या पात्रात उंबरखिंडीचं स्मारक आहे. 2 फेब्रुवारी 1661 ला मोगल सरदार कारतलबखानाची फौज कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरली आणि त्या अरुंद, झाडीने भरलेल्या वाटेत अडकली. पुढे मावळे, मागे मावळे, आणि पाणी नाही. बरोबरच्या रायबागनने शरण जाण्याचा सल्ला दिला, खानाने खंडणी कबूल केली आणि सुटका करून घेतली. मी दर वेळी तिथे गेले की त्या फौजेतल्या साध्या शिपायांचा विचार करते. पाणी कुठे आहे हे सांगणारं त्यांना कुणी नव्हतं. वाट ही सांगण्याचीच गोष्ट आहे. सांगणारा उरला नाही की वाट मोडते, दोन पावसाळ्यांत कारवीखाली जाते.

घरटं मात्र वेगळं. करटोलीचा कांदाही वेगळा. ज्याची रोजी त्या वेलावर चालते तिने डोंगराचं नाव का सांगावं?

आता थंडीची वाट बघतोय. अवचितगडाचं ठरलंय, पिंगळसईहून चढायचं, वरचा बाराकोनी तलाव बघायचा आणि मेढ्याला उतरायचं. आणि संध्याकाळी पोपटी. गाडीतच ओळख झालेल्या एका रोहेकर काकांनी त्यांच्या शेतावर बोलावलंय. पोपटीचं सगळं गणित भांबुर्ड्यावर असतं. मडक्याच्या तळाला तो पाला दाबून बसवायचा, वर वालाच्या शेंगा, मग जाडं मीठ आणि ओवा, मध्ये बटाटे, कणगरं, अंडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पुन्हा पाला, अगदी ठासून. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. आमच्यात कोंबडी घालायची की नाही यावर अजून एकमत नाही. माझं म्हणणं नको. वालाच्या शेंगेला भांबुर्ड्याचा जो वास लागतो तो कोंबडीपुढे टिकत नाही. काकांना मी तसं कळवलंय. ते म्हणाले, दोन मडकी लावू.