पंतांचा हेवा

षड्रिपूंच्या यादीत शास्त्रकारांनी मत्सराला अगदी शेवटी बसविले आहे. पण लेखनाची हौस ज्यास लागली त्याच्या घरी हा पाहुणा बाकीच्या पाचांच्या आधी येतो, असा आमचा अनुभव आहे. मत्सर बहुधा शेजाऱ्याचा करावा, फार तर समव्यवसायी माणसाचा करावा. आम्ही मात्र १७९४ साली दिवंगत झालेल्या एका कवीचा मत्सर करीत लहानाचे मोठे झालो. तो कवी म्हणजे बारामतीचे मोरोपंत.

पंतांचा जन्म १७२९ चा, पन्हाळगडावरचा. पुढे ते बारामतीस आले आणि बाबूजी नाइकांच्या आश्रयाने तेथेच स्थिरावले. आमचे बालपण इंदापुरात गेले; म्हणजे पंत आमच्या शेजारच्याच तालुक्याचे. कदाचित हेच आमच्या मत्सराचे मूळ असावे. कालिदास दूरचा म्हणून सोसवतो. पण ज्या मुलखातील धूळ आम्हीही खाल्ली, त्याच मुलखात बसून एका पुराणिकाने अठरा पर्वांचे भारत आर्यांत उतरवावे आणि आम्हांस चार ओळी धड जुळू नयेत, हा अन्याय वाटे.

आम्ही एक वही केली होती. पंतांची आर्या बहुतेक ठिकाणी गीति असते, हे कळल्यापासून बोटांवर बारा आणि अठरा मात्रा मोजीत आम्ही शाळेची वाट चालू लागलो. पंतांनी रामायणे रचली तीही एकशे आठ! त्यांतले एक ‘निरोष्ठ’; त्यात प, फ, ब, भ, म ही अक्षरेच नाहीत. ज्याच्या चरित्रासाठी लेखणी उचलली त्या रामाचे नावदेखील ज्यात लिहिता येत नाही, असे ते रामायण. आम्हीही ईर्ष्येने एक निरोष्ठ पत्र लिहावयास बसलो. ‘मित्रा’ येथेच अडलो. ते टाळून पुढे सरकलो तो ‘मी’ आडवा आला; ‘आम्ही’ म्हणावे तर तेथेही मकार! स्वतःविषयी बोलावयाचे नाही, तर मग पत्र लिहावयाचे कशाला, असा विचार करून आम्ही तो उद्योग सोडला.

मत्सराची दुसरी पायरी म्हणजे दोषदर्शन. पंतांची भाषा संस्कृतप्रचुर आहे, यमकासाठी ते शब्दांची ओढाताण करतात, हे आक्षेप कुठेसे वाचले तेव्हा आम्हांस वडिलार्जित इस्टेट मिळाल्यासारखा आनंद झाला. त्या आक्षेपांना उदाहरणे हवीत म्हणून आम्ही आर्याभारत काढून बसलो. दोष थोडे सापडले; परंतु त्यांच्या शोधात पर्वेच्या पर्वे वाचून झाली, ती पाठ होऊ लागली, आणि शत्रूच्या घरी पाहुणचार झोडणाऱ्या माणसासारखी आमची स्थिती झाली.

अशातच एका उन्हाळ्यात आम्ही बारामतीस काकांकडे राहावयास गेलो. काका मराठी शाळेत जन्मभर शिकविलेले. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली होती. रोज दिवेलागणीनंतर त्यांना आर्याभारत वाचून दाखविण्याचे काम आमच्याकडे आले. कर्णपर्व चालले होते. कर्णाच्या रथाचे चाक भूमीने गिळले, तो प्रसंग आला, आणि आम्हांस दुर्बुद्धी झाली. वहीतील स्वतःच्या चार आर्या आम्ही त्याच सुरात पंतांच्या आर्यांमध्ये घुसडून वाचल्या. छाती धडधडत होती. न ओळखल्या तर आम्ही पंतांच्या पंक्तीस बसलो!

काका शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. पोथी मिटताना एवढेच म्हणाले, “आज पंत मध्येच अडखळले रे. चाकाबरोबर आर्याही रुतली की काय?”

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी दिवा लागताच काका म्हणाले, “कालचे चाक रुतले होते, तेथूनच वाच.” आम्ही मान खाली घालून फक्त पंत वाचले. काका जरा वेळ गप्प राहून म्हणाले, “आता सुटले.” आणि मग, आम्ही उठू लागलो तेव्हा, “वही मात्र फाडू नकोस. मात्रा बरोबर होत्या.”

काकांना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. त्यांच्या त्या शेवटच्या वाक्यात दया अधिक होती की न्याय अधिक होता, याचा निवाडा आम्हांस अजून करता आलेला नाही. मात्रा बरोबर असणे आणि आर्या होणे यांत किती अंतर असते, ते मात्र त्या रात्री कळले.

पुढे सोलापूरच्या राम जोशांची हकीकत वाचली, तेव्हा त्या अंतराचे काय करावे हेही थोडेसे उमगले. हा लावणीकार पंतांहून वयाने बराच लहान, पण प्रतिभेने कोणाचा मिंधा नव्हे. त्याने पंतांशी स्पर्धा करावयाची तर केली असती. त्याने कीर्तनाला उभे राहून पंतांच्या आर्या गाइल्या आणि पोथीतून त्या लोकांच्या तोंडी नेऊन पोचविल्या. त्यामुळे त्याच्या लावणीचे तेज कमी झाले, असे कोणी म्हणत नाही. स्वतः पंतांनीही ‘सन्मणिमाला’ रचून आपल्या आधीच्या साधुसंतांपुढे मस्तक नमविलेच आहे. बारामतीची कऱ्हा सोनगावाशी नीरेस मिळते. नीरा आमच्या तालुक्यात नरसिंहपुरास भीमेस मिळते. आणि पंढरपुरी स्नान करणारा, यात कऱ्हेचे पाणी किती, असे विचारीत नाही.

असो. आमचा मत्सर समूळ गेला, असे म्हटल्यास ते खोटे होईल. एखादी आर्या वाचताना अजूनही मनात येते की, ही आपल्याला का सुचली नाही? पण हल्ली तेवढ्यावर न थांबता आम्ही ती घरच्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवितो. वही अजून ट्रंकेत आहे. ती आम्ही फाडलेली नाही, आणि मुलांना वाचताना तिच्यातले काही मध्ये घालीतही नाही.