कळलावी

श्रावणात अंजनेरीच्या ओहोळाकाठी कळलावी फुलते. उन्हाळ्यात वेल वाळतो, पण जमिनीतला कंद जगतो आणि पावसात पुन्हा कोंब धरतो. पानाच्या टोकानंच झुडपाला धरून तो वर चढतो. पाकळ्या आधी हिरवट-पिवळ्या, मग लालभडक.

हे फूल घरात आणलं की भांडण लागतं, असं अम्मी म्हणायची. शेजारच्या काकूंचंही तेच म्हणणं. एवढ्यापुरतं दोघींचं एकमत! तिकडे तमिळनाडूनं मात्र त्याला राज्यफूल केलंय.

वर्गात मुलं विचारतात, “सर, खरंच का?” मी सांगतो, कंद जहरी आहे, तोंडात घालू नका, त्यातल्याच कोल्चिसिनचं संधिवातावर औषध होतं. भांडणं मोहल्ल्यात फुलाशिवायही लागतात.

यंदा एका मुलीनं वहीत कळलावीचं चित्र काढलं, खाली उर्दूत आणि मराठीत नाव लिहिलं. मग हळूच विचारलं, “सर, वही घरी नेऊ ना?”