पिकअपला पुढचा एक्सल लावायचा म्हणता?

टोमॅटोचा खुडा आला की तो थांबत नाही, आणि आमच्या निफाड भागात नेमका त्याच दिवसांत शिवाररस्ता गाडीला धरून ठेवतो. गेल्या खरिपात झड लागली अन् 80 क्रेट तीन दिवस बांधावर पडून राहिले. पिंपळगाव बसवंतला माल पोचला तोवर निम्मा मऊ पडलेला. त्याच रात्री धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, आपली पिकअप फोर बाय फोर करून टाकू. मिस्त्रीकडं जुन्या जीपचा पुढचा एक्सल पडलाय."

म्हणलं, आधी एक्सल बघू, मग बोलू.

आमच्या टू-व्हील पिकअपचा पुढचा एक्सल म्हणजे नुसता आडवा दांडा. चाकं त्यावर मोकळी फिरतात, इंजिनाचा जोर तिकडं जातच नाही. जोर न्यायचा तर गिअरबॉक्सच्या मागं ट्रान्सफर केस बसवायची. ती बसली की मागचा प्रोपेलर शाफ्ट लांब पडतो, तो कापून परत बॅलन्स करायचा. पुढं नवा शाफ्ट आणि क्राऊन-पिनियनवाला एक्सल. तो गोळा इंजिनाच्या ऑइल चेंबरखाली मावेना की गाडी उचला. गाडी उचलली की स्टिअरिंगच्या दांड्या, ब्रेकचे पाइप, सगळं नव्यानं जुळवा. वजन वाढतं ते निराळंच, तेवढा माल कमी भरायचा.

हे सगळं चांगला मिस्त्री करील. पण खरी मेख रेशोत आहे. मागच्या क्राऊनचे दात 41 आणि पिनियनचे 10, म्हणजे 4.1. मिस्त्रीकडच्या एक्सलचे निघाले 37 आणि 8, म्हणजे 4.6 च्या वर. दोन्ही एकाच ट्रान्सफर केसला जोडले तर पुढची चाकं मागच्यांपेक्षा हळू फिरणार, फरक 12 टक्क्यांच्या आसपास. चिखलात चाक घसरून हा फरक निघून जातो. कडक जमिनीवर तो निघायला जागा नाही, मग शाफ्ट पिळवटतो, क्रॉस तुटतो, नाहीतर ट्रान्सफर केसच जाते. फोर-व्हील ट्रॅक्टर डांबरीवर पुढचा गिअर टाकून पळवला की पुढचे टायर कसे खातात, ते तुम्ही पाहिलंच असेल. तिथं तर कंपनीनं चाकांचा मेळ घालूनच दिलेला असतो.

दात मोजायला एक्सल उघडायची गरज नाही. गिअर न्यूट्रल ठेवा, एक मागचं चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर. बाकीच्या चाकांना उटी लावा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. तोच रेशो. सुट्या एक्सललाही हेच, एक हब धरून ठेवायचं.

आता कागदाचं. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. कंपनीनं ठरवलेली आणि आरसीवर नोंदलेली गाडीची मूळ रचना मालकाला मनानं बदलता येत नाही, आणि 2019 साली सुप्रीम कोर्टानंही हेच स्पष्ट केलं. सीएनजीसारख्या मंजूर किटला वाट आहे, पण भंगारातला एक्सल म्हणजे मंजूर किट नव्हे. पिकअप धंद्याची गाडी, तिचं फिटनेस पासिंग ठराविक मुदतीनं करावंच लागतं. एक एजंट म्हणाला, "करून देतो साहेब." पण उद्या मजूर बसलेले असताना गाडी उलटली अन् विमावाल्यानं बदललेल्या रचनेवर बोट ठेवलं, तर तो एजंट फोन उचलणार आहे का? माझ्या लेखी विषय इथंच संपला.

भावाचं म्हणणं मात्र एका बाजूनं खरं. मुरमाड चढावर, ओढ्याच्या वाळूत चार चाकं ओढतात ती दोन ओढत नाहीत. पण आमची जमीन काळी. ओली झाली की फुगते, टायरच्या नक्षीत भरते आणि टायर गुळगुळीत होतो. मग दोनाऐवजी चार गुळगुळीत टायर, एवढाच बदल. त्यात डिफरन्शियल लॉक नसेल तर फोर बाय फोरमध्येही पुढचं एक अन् मागचं एक चाक नुसतं गरगरतं. ट्रॅक्टरला लॉकचं पायडल दाबलं की दोन्ही चाकं एकदम ओढ घेतात, ते आठवा.

म्हणून यंदा आम्ही मागं खोल नक्षीचे टायर घातले. खुड्याच्या दिवसांत पिकअप डांबरीच्या कडेलाच उभी राहते, क्रेट ट्रॉलीतून तिथवर येतात. दोनदा हाताळणी वाढते, मजुरी जाते, हे खरंय. पण सगळ्यात जास्त फरक पडला तो चारीनं. रस्त्याच्या वरच्या अंगाला चारी काढली, शेजारच्या दोघांनी आपापल्या हद्दीत काढली, आणि पाणी रस्त्यावर साचायचं थांबलं. तिसऱ्याच्या बांधाचा वाद अजून चालूच आहे, तेवढ्या पट्ट्यात गाडी आजही अडकते.

भावाला पूर्ण पटलेलं नाही. कंपनीतूनच फोर बाय फोर आलेली जुनी पिकअप कुठं विकाऊ दिसली की तो गाडी थांबवतो. मीपण उतरतो बघायला, फक्त बॉनेट उघडायच्या आधी आरसी मागतो.