उंबराचे फूल



फार दिवसांनी भेटलेल्या माणसाला आपण ‘अगदी उंबराचे फूल झालात’ असे म्हणतो. क्वचित दिसणारी व्यक्ती किंवा वस्तू, हा या वाक्प्रचाराचा अर्थ तुम्हांला ठाऊक असेलच. भाषाविज्ञान शिकवताना मला मात्र वाक्प्रचाराचा अर्थ सांगून थांबणे कधीच पुरेसे वाटले नाही. ज्या वस्तूवरून तो घडला, ती वस्तू एकदा नीट पाहावी, असा माझा आग्रह असतो.

उंबराला फुले दिसत नाहीत, हे निरीक्षण खरेच आहे. त्याच्या खोडावर आणि जाड फांद्यांवर एकदम फळांचे घोसच लगडतात. परंतु आपण ज्याला फळ म्हणतो, तो वस्तुतः आत मिटलेला फुलोरा असतो. कोवळे उंबर मधोमध चिरून भिंगातून पाहा. आतल्या पोकळीत शेकडो इवली फुले दाटीने बसलेली दिसतील. दुर्मीळ ठरलेले हे फूल प्रत्येक उंबरात असते; त्याचे तोंड तेवढे आतल्या बाजूला असते.

मग त्याचे परागीभवन कसे होते? उंबराच्या टोकाशी एक सूक्ष्म छिद्र असते. गांधीलमाशीचा दूरचा नातलग असलेल्या, २ ते ३ मिलिमीटर लांबीच्या एका कीटकाची मादी त्यातून आत शिरते. वाट इतकी अरुंद, की बहुधा तिचे पंख तेथेच तुटतात. बरोबर आणलेले पराग ती फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. पुढच्या पिढीतले नर आधी जन्मतात. त्यांना पंख नसतात. मीलनानंतर ते उंबराची भिंत पोखरून वाट करतात आणि त्या वाटेने माद्या पराग घेऊन बाहेर पडतात. वड, पिंपळ, उंबर ज्या फायकस प्रजातीत येतात, तिच्या ७०० हून अधिक जाती आहेत आणि सामान्यतः प्रत्येक जातीचा कीटक ठरलेला असतो.

बाहेर पडलेल्या मादीचे आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचे. एका झाडावरची उंबरे बहुधा एकाच वेळी पिकतात. म्हणून तिला त्या क्षणी फुलोऱ्यात असलेले दुसरे झाड गाठावे लागते. रस्ता रुंद करताना उंबर तोडला जातो, तेव्हा एका झाडाबरोबर या प्रवासातला एक मुक्काम नाहीसा होतो. त्याच फळांवर जगणारे बुलबुल, धनेश आणि वटवाघळेही उपाशी राहतात.

संस्कृत ‘उदुम्बर’ प्राकृतातून ‘उंबर’ होऊन मराठीत आला. संस्कृत कोशांत या शब्दाचा ‘घराचा उंबरठा’ असाही एक अर्थ नोंदलेला आहे. इतके हे झाड आपल्या दाराशी होते. उत्तरपत्रिकेत तुम्ही ‘क्वचित दिसणारे’ असा अर्थ लिहाल, तो बरोबरच असेल. तो फुलापुरताच खरा राहावा, झाडालाही लागू पडू नये, एवढी काळजी मात्र आपल्याला घ्यावी लागेल. तुमच्या गावातला उंबर कोठे आहे, हे या आठवड्यात शोधून ठेवा.