राखीव यादीतून लिस्बनला

दरमहा १,४०० युरो, जास्तीत जास्त दोन वर्षं. शिक्षणशुल्क भरायचं नाही. युरोपातल्या वेगवेगळ्या देशांमधल्या विद्यापीठांत शिकायचं आणि पदव्युत्तर पदवी घ्यायची. युरोपीय संघाच्या 'इरास्मस मुंडस' शिष्यवृत्तीची ही माहिती मी वर्गात सांगितली तेव्हा एका मुलीने विचारलं, "सर, डिपॉझिट किती भरावं लागतं?" तिने ते अगदी गंभीरपणे विचारलं होतं. मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी परदेशी शिक्षण म्हणजे बँकेचं मोठं कर्ज आणि गहाण पडलेली जमीन, एवढंच लोकांनी पाहिलेलं. कुणी दुसरं आपल्या शिक्षणाचा सगळा खर्च उचलेल, यावर विश्वास बसायलाच वेळ लागतो.

तीच मुलगी पुढे त्या शिष्यवृत्तीवर शिकायला गेली. तिची ओळख मी इथे देत नाही. तिच्या अर्जाचा प्रवास मात्र मी भूशास्त्राचा शिक्षक म्हणून अगदी जवळून पाहिला, आणि तो सविस्तर सांगायला हवा असं मला वाटतं. अशा शिष्यवृत्त्यांबद्दल आपल्याकडे फक्त निकालाच्या बातम्या येतात. हार घातलेला फोटो येतो, आई-वडिलांचे पाणावलेले डोळे येतात. त्याआधीच्या दीड वर्षात काय काय करावं लागलं, हे कुणी छापत नाही.

तिची आई अंगणवाडी सेविका, वडील कोरडवाहू शेतकरी. एम.एस्सी. झाल्यावर ती पाण्यावर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत लागली. काम विहिरींच्या नोंदींचं. मोजपट्टीच्या टोकाला खडू फासायचा, पट्टी विहिरीत सोडायची, खडू कुठवर भिजला ते पाहायचं आणि पाण्याची पातळी वहीत टिपायची. गावोगाव, महिनोन् महिने. आपल्याकडचा खडक बेसाल्ट. त्यात पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. म्हणून एकाच बांधाच्या अलीकडची विहीर भरलेली आणि पलीकडची कोरडी असू शकते. हे तिने पुस्तकात वाचलं होतं आणि रोज बघतही होती.

तिला शिकायचं होतं भूजलच. त्यामुळे शोधताना लिस्बन, डेल्फ्ट आणि ड्रेस्डेन इथल्या तीन संस्था मिळून चालवत असलेला 'ग्राउंडवॉटर अँड ग्लोबल चेंज' हा अभ्यासक्रम सापडल्यावर तिने दुसरीकडे फारसं पाहिलं नाही. मी मात्र तिला इतर शिष्यवृत्त्यांचे नियमही वाचायला लावले. अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स शिष्यवृत्तीला किमान तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. ब्रिटनच्या चेव्हनिंगला दोन वर्षांचा, तासांत मोजायचा तर २,८०० तासांचा. जर्मनीच्या डाडची विकसनशील देशांसाठी जी अभ्यासक्रमांची योजना आहे, तिलाही दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि शेवटची पदवी साधारणपणे सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. म्हणजे निकाल हातात पडल्या पडल्या अर्ज करणाऱ्या मुलाला ही तिन्ही दारं बंद असतात, मग त्याला नव्वद टक्के का असेनात. इरास्मस मुंडसमध्ये प्रत्येक अभ्यासक्रमाचे निकष वेगळे. अनुभवाचे गुण अनेक ठिकाणी मिळतात, पण बहुतेकदा तो सक्तीचा नसतो.

ही माहिती गुप्त नाही. तरीही ती मुलांपर्यंत पोचत नाही आणि याचं एक कारण उघड आहे. शहरातल्या अनेक सल्ला केंद्रांना परदेशी विद्यापीठांकडून प्रवेशामागे कमिशन मिळतं. शुल्क भरून जाणारा विद्यार्थी त्यांच्या फायद्याचा. आमच्या मुलीला अशाच एका ठिकाणी सांगण्यात आलं, "शिष्यवृत्तीच्या नादी लागू नका, वर्ष जाईल." तिच्याबरोबर आलेली तिची मैत्रीण हे ऐकून घरी गेली आणि पुन्हा तिने तो विषय काढला नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं. ती मैत्रीण अभ्यासात हिच्या तोडीस तोड होती.

कागदपत्रांची कथा महाराष्ट्रात ज्याने भोगली त्यालाच कळते. आपल्या गुणपत्रिकांवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनाव एकीकडे आणि स्वतःचं व वडिलांचं नाव मिळून दुसरीकडे. तिच्या दहावीच्या गुणपत्रिकेत वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त होतं. तेवढ्यासाठी प्रतिज्ञापत्र करावं लागलं. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा एकत्र, शिक्का मारलेला उतारा मिळवायचा तर अर्ज, चलन आणि पुन्हा पुन्हा फेऱ्या. तोही वेळेत मिळाला तो केवळ तिने पावसाळ्यातच मागितला होता म्हणून. दिवाळीनंतर मागणाऱ्यांची मुदत हातची जाते, हे मी दरवर्षी पाहतो.

शिफारसपत्रांची अडचण तर आम्हा शिक्षकांचीच. परदेशी विद्यापीठाकडून दुवा थेट शिक्षकाच्या ईमेलवर येतो आणि तो ईमेल संस्थेचा असावा अशी अपेक्षा असते. आमच्या महाविद्यालयात प्राध्यापकांना असा पत्ताच नव्हता. सगळे आपापल्या जीमेलवर. प्राचार्यांना विनंती करून, संगणक विभागाच्या मागे लागून आम्ही ते पत्ते तयार करून घेतले. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. "पत्र तूच लिहून आण, मी सही करतो," असं म्हणणारे शिक्षक कमी नाहीत. विद्यार्थ्याने स्वतःबद्दल लिहिलेलं पत्र आणि त्याला चार वर्षं शिकवलेल्या माणसाने लिहिलेलं पत्र यांतला फरक वाचणाऱ्याला कळतो. "हुशार, कष्टाळू, नम्र" या शब्दांना तिथे काही किंमत नाही. ही मुलगी शेतकऱ्यांसमोर खडकाचा नकाशा उलगडून त्यांच्या भाषेत कसं समजावते, हे मी एका शिबिरात पाहिलं होतं. तेच लिहिलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो प्रेरणापत्रावर, म्हणजे हा अभ्यासक्रम मला का हवा, हे सांगणाऱ्या दीड-दोन पानांवर. तिचा पहिला मसुदा दुष्काळ, वडिलांचं कर्ज आणि आईचे कष्ट यांनी भरलेला होता. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. पण मसुदा संपला तरी तिने स्वतः काय केलं ते कळत नव्हतं. जिथे तिचं काम यायचं तिथे "संस्थेने केलं" असं लिहिलेलं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "सर, आपणच आपलं कसं सांगायचं? चांगलं दिसत नाही." हा संकोच मला चांगला ठाऊक आहे. आमच्या मुलांना घरी-दारी हेच शिकवलेलं असतं, आणि निवड समितीसमोर तेच त्यांना नडतं. समितीतल्या माणसाला मराठवाडा माहीत नाही, तुमची संस्था माहीत नाही. त्याच्यासमोर फक्त तुम्ही लिहिलेला मजकूर असतो.

मग आम्ही तिच्या नोंदवह्या काढून बसलो. त्यांतून एक गोष्ट बाहेर आली. एका गावात विहिरी उन्हाळ्यात आटतात असं सगळे समजत होते. तिच्या नोंदी सांगत होत्या की पाणी झपाट्याने खाली जातं ते रब्बीला पाणी देणं सुरू झाल्यावर, म्हणजे हिवाळ्यातच. उन्हाळ्यात फक्त तळ दिसतो. तिने तो आलेख मोठ्या कागदावर काढून ग्रामपंचायतीत लावला होता आणि काही शेतकऱ्यांनी पुढच्या वर्षी गव्हाऐवजी कमी पाण्यावर येणारा हरभरा पेरला होता. हे तिने पहिल्या मसुद्यात लिहिलंच नव्हतं! दुसऱ्या मसुद्याची सुरुवात त्या आलेखापासून झाली. त्यानंतर आपल्याला काय येत नाही हे तिने स्पष्ट लिहिलं: भूजलाचं संगणकीय प्रारूप बांधता येत नाही, हवामानबदलाचा पुनर्भरणावर होणारा परिणाम मोजता येत नाही, आणि हे दोन्ही त्या अभ्यासक्रमात शिकायला मिळतं. वडिलांचं कर्ज एका वाक्यात राहिलं. ते पत्र वाचून मला खात्री वाटली की आता निकाल काहीही लागो, ही मुलगी निवड यादीच्या आसपास असणार.

निकाल आला तो राखीव यादीचा. इरास्मस मुंडसमध्ये मुख्य यादी, राखीव यादी आणि नकार असे तीन प्रकार असतात. अनेक जण एकाहून जास्त अभ्यासक्रमांना अर्ज करतात. दोन ठिकाणी निवड झाली की एक जागा सोडतात आणि राखीव यादी पुढे सरकते. कधी सरकते, कधी तशीच राहते. घरच्यांना हे समजावणं अवघड होतं. गावात कुणी विचारलं की आई सांगायची, "अजून चिठ्ठी यायची आहे."

थांबून राहण्यात अर्थ नव्हता. ती अनुसूचित जातीतली असल्यामुळे तिच्यापुढे आणखी दोन मार्ग होते. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. वर्षाला १२५ जागा, त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींसाठी आणि उरलेल्या भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्यासाठी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. शुल्काशिवाय निर्वाहासाठी वर्षाला १५,४०० डॉलर, ब्रिटनमध्ये ९,९०० पौंड. दुसरा मार्ग महाराष्ट्र सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचा. तिथे वर्षाला ७५ विद्यार्थी. दोन्हींसाठी परदेशी विद्यापीठाचा प्रवेश आधी हातात लागतो, तोही जागतिक क्रमवारीत वर असलेल्या विद्यापीठाचा. तिने ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाचा प्रवेश मिळवून ठेवला, सेतू केंद्रातून उत्पन्नाचा दाखला नवा काढला आणि अर्जांची तयारी सुरू केली.

त्या दिवसांत आमच्या बोलण्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर सारखे येत. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा त्यांना महिना साडेअकरा पौंड मिळत, तीन वर्षांसाठी, आणि परत येऊन दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. मुदत संपल्यावर १९१७ मध्ये त्यांना नंतर लंडनमध्ये सुरू केलेलं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. पुढे १९२० मध्ये स्वतःची बचत आणि शाहू महाराजांची मदत यांवर ते पुन्हा लंडनला गेले. हे वाचल्यावर ती म्हणाली, "सर, त्यांनासुद्धा थांबावं लागलं होतं." आज चेव्हनिंगवाल्यांना शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. पैसे देणारा काही अट घालणारच, आणि माझ्या मते परत येण्याची अट योग्यच आहे. जिच्या विहिरी इथे आहेत तिने शिकून इथे यावं.

मे महिन्यात चिठ्ठी आली. जागा मोकळी झाली होती.

आणि मग पैशांचा प्रश्न उभा राहिला. 'संपूर्ण खर्चाची शिष्यवृत्ती' या शब्दांवर विसंबून राहणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायला हवं. चेव्हनिंगमध्ये विमानाचं तिकीट आणि व्हिसाचा खर्च वेगळा मिळतो. इरास्मस मुंडसच्या २०२१ पासूनच्या नियमांत प्रवास, व्हिसा, राहणं, जेवण हे सगळं त्या १,४०० युरोंतच बसवायचं असतं, आणि पहिला हप्ता तिकडे पोचून बँकेत खातं उघडल्यावर येतो. म्हणजे तिकीट, व्हिसा, पोलिसांचा दाखला, घरमालकाला द्यायची अनामत आणि पहिल्या महिन्याची भाजी-भाकरी, हे सगळं आधी खिशातून. त्याच्याही आधी इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेचे सतरा-अठरा हजार गेलेले असतात, पासपोर्टचे दीड हजार, कुरिअर, झेरॉक्स, पुण्या-मुंबईच्या फेऱ्या. अंगणवाडी सेविकेच्या मानधनात हे बसत नाही. आईच्या बचत गटाने कर्ज दिलं. थोडं मामाने, थोडं संस्थेतल्या सहकाऱ्यांनी दिलं. शिष्यवृत्तीच्या पहिल्या काही हप्त्यांतून तिने ते फेडलं. अशा मुलांना निघण्याआधी बिनव्याजी उसनवार देणारा छोटासा निधी माजी विद्यार्थ्यांना सहज उभारता येईल. आमच्या महाविद्यालयात तो आता सुरू झाला आहे.

ती पहिल्या सत्रासाठी लिस्बनला गेली. माझ्या वर्गातून आता दरवर्षी काही जण असे अर्ज करतात. सगळ्यांची निवड होत नाही. बहुतेकांची पहिल्या खेपेला होत नाहीच. बुलडाणा जिल्ह्यातल्या पिंप्री खंदारे गावातून चेव्हनिंगवर लंडनच्या सोअस विद्यापीठात गेलेले राजू केंद्रे आणि त्यांची 'एकलव्य' संस्था ग्रामीण आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी मार्गदर्शनाचं हेच काम मोठ्या प्रमाणावर करतात. तरी तालुक्याच्या प्रत्येक महाविद्यालयात एक तरी शिक्षक हे जाणणारा हवा.

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना विनंती आहे. चेव्हनिंगचे अर्ज ऑगस्टच्या सुमारास सुरू होतात, इरास्मस मुंडसचे बहुतेक अर्ज ऑक्टोबर ते जानेवारी या काळात असतात. या जूनमध्येच शेवटच्या वर्षाच्या वर्गात जाऊन पासपोर्ट आणि ट्रान्सक्रिप्टचं काम सुरू करायला सांगा. महाविद्यालयाचा स्वतःचा ईमेल पत्ता घ्या. शिफारसपत्र स्वतः लिहा. आणि जे अशा शिष्यवृत्तीवर जाऊन आले आहेत त्यांनी दरवर्षी आपल्या जिल्ह्यातल्या दोन मुलांची प्रेरणापत्रं तरी वाचून द्यावीत.